लॅपटॉपआधी काम सांगा

जूनपासून दसऱ्यापर्यंत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून येतो: कुठला घेऊ? पत्रात बजेट असतं, दुकानदाराने सुचवलेलं मॉडेल असतं, भाच्याचं मतही असतं. त्यावर काम काय करणार, तेवढंच नसतं. म्हणून या वेळी ज्यांनी आपलं काम नीट सांगितलंय अशीच पत्रं घेतली आहेत. दादरला दुरुस्तीच्या टेबलावर माझ्याकडे जी मशीन येतात, त्यांत 'ताकद कमी पडली' ही तक्रार क्वचित असते. हिंज (स्क्रीनची बिजागरी) तुटलेली असते, स्क्रीन गर्दीत दबलेली असते, रॅम वाढवायला जागाच ठेवलेली नसते, नाहीतर ज्या एका सॉफ्टवेअरवर घर चालतं तेच नव्या मशीनवर चालत नाही.

प्रश्न : मुलाला अंधेरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. आम्ही मुलुंडला राहतो. तो घाटकोपरहून मेट्रोने जाणार. सीनिअर मुलं म्हणतात, 'आय७च घे, ग्राफिक कार्डवाला घे.' लॅमिंग्टन रोडला एकाने ६२ हजारांत आय७, ८ जीबी दाखवला. दुसऱ्याने तेवढ्यातच आय५, १६ जीबी. दोन्हीच्या स्टिकरचे फोटो पाठवत आहे. मुलगा आय७वर अडून बसलाय. बजेट ताणून ६५ हजार.
— एक आई, मुलुंड पूर्व

ताई, हे उत्तर मुलालाच वाचायला द्या. म्हणजे वाद तुमच्याशी न होता माझ्याशी होईल.

नुसत्या 'आय७'वरून काही कळत नाही. पुढचा आकडा आणि शेवटचं अक्षर वाचायचं. पहिल्या फोटोत आय७-१२५५यू आहे. याच पिढीचा आय५-१२३५यू घ्या: दोघांत दहा-दहा कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), त्यातले दोन दमदार आणि आठ वीज वाचवणारे. कॅशे, म्हणजे चिपमधली झटपट मेमरी, तीही दोघांची १२ एमबी. फरक कमाल वेगात, एक ४.७ गिगाहर्ट्झ तर दुसरा ४.४. सी आणि पायथनची प्रॅक्टिकल्स करताना हा फरक त्याला कळणारसुद्धा नाही. आता दुसऱ्या दुकानदाराचा फोटो: आय५-१२४५०एच. नावाला आय५, पण त्यात दमदार कोअर चार आहेत आणि चिप १५ऐवजी ४५ वॉटच्या वर्गातली. लांबलचक कंपाइल चालू असेल तर हा त्या आय७च्या पुढे राहतो. बॅटरी मात्र लवकर खातो आणि पंख्याचा आवाज ऐकू येतो. अगदी नव्या मशीनवर तर इंटेलने 'आय' काढूनच टाकलंय, 'कोअर ५' किंवा 'कोअर अल्ट्रा ५' असं लिहिलेलं दिसेल. तिथेही शेवटचं यू (कमी वीज खाणारी चिप) आणि एच (जास्त वीज खाणारी, दमदार) बघायला विसरू नका.

एएमडीच्या बाजूला तर जास्तच सांभाळा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, दुकानाच्या काचेमागे दोन्ही 'रायझन ५, सेव्हन थाउजंड सिरीज' म्हणूनच मांडलेले असतात. पहिल्यात जुन्या झेन २ बनावटीचे चार कोअर, दुसऱ्यात झेन ३चे सहा. या मालिकेत तिसरा आकडा बनावट सांगतो, बाकीचा मोठेपणा पेटीवर छापण्यापुरता.

खरा घोळ रॅमचा आहे. ८ जीबीत विंडोज ११ आणि क्रोमच्या आठ-दहा टॅब उघडल्या की श्वास घ्यायला फारशी जागा उरत नाही. पुढे हा मुलगा अँड्रॉइड स्टुडिओ उघडणार, त्यात एम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन) चालवणार. तेव्हा १६ लागणारच. 'नंतर वाढवून देतो' असं दुकानदार म्हणाला तर तिथल्या तिथे डेमो पीसवर टास्क मॅनेजर उघडायला लावा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. स्लॉट किती आणि त्यातले भरलेले किती, ते खाली लिहिलेलं असतं. पातळ लॅपटॉपात रॅम बहुतेक वेळा बोर्डावर झाळलेली येते. तशी असली तर ती वाढवणं माझ्याही हातात नाही. शिवाय एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवल्यापासून, म्हणजे २०२५च्या अखेरीपासून, रॅमचे भाव भडकलेत. 'नंतर बघू' आता स्वस्त राहिलेलं नाही.

ग्राफिक कार्ड पहिल्या वर्षी तरी गेम खेळायलाच लागेल. सीनिअर मुलं तसं आईबाबांसमोर बोलत नाहीत, एवढंच. मशीन लर्निंग शिकायची वेळ आली तर गूगलच्या कोलॅबवर मर्यादित वापरापुरता जीपीयू (ग्राफिक चिप) फुकट मिळतो आणि शिकण्यापुरता तो पुरतो. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, वर त्याचा विटेएवढा चार्जर वेगळा. सकाळी साडेआठला घाटकोपरच्या पुलावर ते ओझं पाठीवर घेऊन उभं राहायचंय, हे मुलाने मनात आणून बघावं. १४ इंची, दीड किलोच्या आतला बघा. टाइप-सीने चार्ज होणारा असेल तर ६५ वॉटचा छोटा चार्जर पुरतो आणि हरवला तर कुठल्याही चांगल्या कंपनीचा घेता येतो.

दुकानात आणखी दोन गोष्टी हाताने करून बघा. झाकण एका कोपऱ्याला धरून हळूच उचला. स्क्रीन पिळल्यासारखी वाकली, की ती गर्दीत दबणार हे धरून चाला. मग स्क्रीन चालू असताना बाजूने आणि वरून बघा. रंग उडाले किंवा उलटे झाले तर ते टीएन पॅनेल आहे, ते सोडा आणि आयपीएस मागा. घेताना अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळे पैसे भरून घ्या. साध्या वॉरंटीत तुटलेली स्क्रीन बसत नाही, आणि स्क्रीन बदलायचा खर्च ऐकून पालक खुर्ची शोधतात ते मी रोज बघते.

तेव्हा दुसऱ्या दुकानदाराचा आय५, वजन आणि स्क्रीन या कसोटीला उतरला, तर तोच. बिल जीएसटीचं पक्कं हवं. त्यावर लिहिलेला सीरियल नंबर पेटीवरच्या आणि मशीनच्या पोटाखालच्या नंबराशी जुळवल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. आणि रविवारी जाऊ नका, तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.

प्रश्न : मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, वय ७१. गिरगावात चाळीत राहते. शाळेच्या आठवणी मराठीत लिहून काढायच्या आहेत. मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्याशी बोलायला फोन पुरतो, पण लिहायला पुरत नाही. तो तिकडून लॅपटॉप पाठवतो म्हणतो. शेजारचा मुलगा म्हणतो, ऑल-इन-वन घ्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. जागा कमी आहे.
— गिरगाव

बाई, नमस्कार. मुलाला सांगा, लॅपटॉप नको, हवं तर पैसे पाठव. तिकडच्या लॅपटॉपची वॉरंटी इकडे चालेलच असं नसतं. आणि आठवणी लिहायच्या म्हणजे रोज दोन-दोन तास बसणं आलं. लॅपटॉपवर मान खाली घालून ते तुम्हाला झेपणार नाही.

तुम्ही मिनी पीसी घ्या. एखाद्या जाड पुस्तकाएवढा डबा असतो. इंटेल एन१०० चिपचा, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीचा (न फिरणारी, वेगवान डिस्क). लिहिणं, बँकेची साइट, यूट्यूब, व्हिडिओ कॉल एवढ्याला तो भरपूर आहे आणि वीज अगदी थोडी खातो. २४ इंची आयपीएस मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंनी तो टांगता येतो, म्हणजे टेबलावर नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड. मॉनिटर घेताना मागे त्या स्क्रूंची भोकं आहेत ना, ते बघायला सांगा, स्वस्तातल्या काहींना नसतात. कॅमेरा आणि माइक मात्र वेगळा घ्यावा लागेल. ऑल-इन-वन दिसायला देखणा असतो, पण त्यातलं एक बिघडलं की सगळं उचलून आणावं लागतं. गिरगावच्या लाकडी जिन्यावरून ते कोण उतरवणार?

डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्केल १५० टक्के करून घ्या. अक्षर मोठं होतं आणि सुबक राहतं. रिझोल्यूशन कमी करून अक्षर मोठं करून देणारा कोणी भेटला तर त्याला थांबवा, अक्षर धुरकट होतं आणि मग डोळे दुखतात.

मराठीसाठी काही विकत घ्यायला नको. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. विंडोजचं बटण दाबून स्पेस दाबली की भाषा बदलते. फोनवर तुम्ही इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहीत असाल तर फोनेटिक लगेच जमेल. पण मोठं लेखन करायचंय, तर पंधरा दिवस इनस्क्रिप्टला द्या असं मी म्हणेन: डाव्या हाताला बहुतेक स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. शिकवणाऱ्या माणसाला ही मांडणी आवडते असा माझा अनुभव आहे. हात दमले तर गूगल डॉक्समध्ये बोलून लिहायची सोय मराठीतही आहे. विरामचिन्हं मात्र मागाहून तुम्हालाच घालावी लागतील. वह्या तपासल्याचा सराव आहेच.

आता एक काम संगणक यायच्या आधीचं. जुन्या चाळींत तीन पिनांचं सॉकेट असतं पण त्याच्या मागे अर्थिंगची वायर असतेच असं नाही. धातूच्या बॉडीला हात लागला की झिणझिण्या येतात त्या बऱ्याचदा यामुळे. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, मगच मशीन लावा. आणि ६०० व्हीएचा लहान यूपीएस. दक्षिण मुंबईत वीज फारशी जात नाही हे खरं, पण जाते तेव्हा न सेव्ह केलेलं पान घेऊन जाते.

प्रश्न : लालबागला माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, हँडबिलं. २०१२चा असेंबल पीसी, विंडोज ७, पेजमेकर ७, कोरल, श्रीलिपी. सगळं हाताला पाठ आहे. पण पीसी चालू व्हायला चहा पिऊन होतो. नवा घेतला तर जुन्या फायली उघडतील का? हल्ली गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं आणि मला तो पुन्हा टाइप करावा लागतो. गणपतीच्या आधी काय ते ठरवायचं आहे.
— लालबाग

काका, गणपतीच्या आधी काहीही बदलू नका. अहवालांचं काम अंगावर असताना नवं मशीन आणणं म्हणजे फजिती. आत्ता एवढंच करा: जुन्या पीसीत साटा जोडणीची २४० किंवा ५०० जीबीची एसएसडी टाका आणि आहे ती हार्ड डिस्क तशीच्या तशी तिच्यावर क्लोन करून घ्या. विंडोज, पेजमेकर, फॉन्ट सगळं जागच्या जागी राहतं. तुमचा पीसी म्हातारा झालाय तो डिस्कमुळे. फिरणारी डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या पुढे. आणि बारीक बारीक हजारो फायली शोधताना तर दोघींची तुलनाच नको. चहा निवायच्या आत स्क्रीन समोर येईल.

पण त्या पीसीची नेटची वायर काढून टाका. विंडोज ७ची सुरक्षा मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी बंद केली. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्हही थेट त्यात नको. व्हायरस आधी फायली खातो आणि तुमच्या धंद्यात फायली म्हणजेच भांडवल.

नवा पीसी विसर्जनानंतर. तो आला म्हणून जुना विकायचा नाही, दोघे शेजारी शेजारी राहतील. पेजमेकर ७ २००१चा आहे, त्यानंतर अडोबीने सगळं लक्ष इनडिझाइनकडे वळवलं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यामुळे १६ बिटच्या जमान्यातले प्रोग्रॅम आणि इन्स्टॉलर त्यावर चालत नाहीत. श्रीलिपीचा डोंगल (सॉफ्टवेअर उघडणारी किल्ली) जुन्या प्रिंटर पोर्टातला असेल तर नव्या बोर्डाला ते पोर्टही सापडणार नाही. यूएसबीचा असेल तर कंपनीला फोन करून नवी आवृत्ती आणि ड्रायव्हर विचारा. जुन्या फायली जुन्या पीसीवरच उघडायच्या, आणि जे काम दरवर्षी परत येतं, म्हणजे त्याच मंडळाची तीच वर्गणीदारांची यादी, त्याची फॉन्टसकट पीडीएफ काढून ठेवायची.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांच्या सामाईक अक्षरपद्धतीत असतो, तुमच्या जुन्या फॉन्टांची पद्धत वेगळी. तो पुन्हा टाइप करण्यात तुमचे जे तास जातात तेच खरं तर नव्या मशीनचं कारण आहे. इनडिझाइनमध्ये तो थेट पेस्ट होतो. फक्त परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' निवडलेला पाहिजे. तो नसला की 'किल्ला' लिहावं आणि ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या मागे जाऊन बसावी, जोडाक्षराचा पाय मोडून शेजारी पडावा, असा तमाशा होतो. मग लोक म्हणतात की इनडिझाइनला मराठी येत नाही. दर महिन्याचं भाडं जड वाटत असेल तर फुकटातलं स्क्रायबस १.६ करून बघा, त्यातही देवनागरी नीट जुळते. जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत, पण नेल्यावर रफार, 'द्ध', 'ह्य' आणि 'सुऱ्या'तला चंद्रकोरी र तपासल्याशिवाय छपाईला देऊ नका. आमंत्रणात 'आचार्या'चा 'आचाऱ्या' झालेला मी पाहिलाय, आणि दोघंही त्या लग्नात हजर होते.

फॉन्टची भीती नको. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. हँडबिलाच्या मथळ्याला बालूचं जाड वजन छान उठतं.

मशीन डेस्कटॉपच घ्या. आय५ किंवा रायझन ५, ८-८ जीबीच्या दोन स्टिक, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी. वेगळं ग्राफिक कार्ड तुमच्या कामाला लागत नाही, पण म्हणूनच एक अक्षर सांभाळा. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ यांत 'एफ'वाला थोडा स्वस्त असतो, कारण त्यात ग्राफिक्स नसतातच. कार्डाशिवाय तो घेतला तर मॉनिटर काळाच राहतो. असे 'नवा पीसी डेड आहे' म्हणत आलेले लोक मी बोर्ड न उघडताच परत पाठवते. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) चांगल्या कंपनीचा. वाचलेले पैसे मॉनिटरमध्ये घाला: आयपीएस, आणि रंगांत एसआरजीबी (स्क्रीन किती रंग दाखवतो त्याचं माप) शंभर टक्क्यांच्या जवळ. '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेला स्क्रीन पत्रिकेचा लाल धड लाल दाखवत नाही. अर्थात चांगल्या मॉनिटरवरही छापील लाल थोडा वेगळाच येणार. नमुना काढून गिऱ्हाइकाची सही घ्यायची तुमची पद्धत सोडू नका.

प्रश्न : घरून चार-पाच दुकानांचे आणि एका सोसायटीचे हिशोब लिहिते. टॅली, एक्सेल, जीएसटी रिटर्न, दुकानदारांच्या डिजिटल सहीचे टोकन. सेकंडहँड लॅपटॉप १४ हजारांत मिळतोय: आय५-४३००यू, १६ जीबी, एसएसडी. विकणारा म्हणतो, विंडोज ११ टाकून देतो. घेऊ का?
— बोरिवली पश्चिम

सेकंडहँड जरूर घ्या, पण हा नको. तुम्ही लिहिलेला नंबर आय५-४३००यू आहे, म्हणजे चौथी पिढी. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विकणारा ते आडवाटेने टाकून देईल, चालेलही. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १०ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, नोंदणी केलेल्यांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. दुसऱ्यांच्या सह्यांची टोकनं तुमच्या मशीनला लागणार आहेत, तिथे ही जोखीम नको.

कंपन्यांतून भाडेकरार संपून आलेले थिंकपॅड टी४८० किंवा लॅटिट्यूड ७४९० शोधा. त्यांतही काही सातव्या पिढीचे निघाले होते, म्हणून नंबर ८२५०यू किंवा ८३५०यू असा आठने सुरू होणारा हवा. पैसे द्यायच्या आधी बायोसमध्ये (विंडोजच्याही आधीच्या, मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बघा. तिथे पासवर्ड मागितला तर मशीन परत करा. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावा आणि मूळ क्षमतेच्या किती उरलीय ते वाचा. नोटपॅड उघडून एकेक की दाबा. तुमचं टोकन सोबत न्या आणि सगळ्या यूएसबी पोर्टांत लावून बघा.

या दोन्ही मशीनला उजवीकडची आकड्यांची पाटी नाही. टॅलीवर दिवसभर व्हाउचर मारणाऱ्या हाताला ती लागतेच. यूएसबीची सुटी नंबर पॅड काही शेकड्यांत मिळते, ती त्याच दिवशी घ्या. रॅम ८ जीबी असली तरी तुमचं काम होईल. मॅकचा विचार तुम्ही केला नाहीत ते बरं झालं, टॅली फक्त विंडोजवर चालतं.

प्रश्न : आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. वसईहून रोज चर्चगेट. सगळे मॅकबुक एअर घेताहेत. मी घेऊ की गेमिंग लॅपटॉप?
— विद्यार्थिनी, वसई

अगं, यंदा काहीच घेऊ नकोस. पहिल्या वर्षी बरंचसं ड्रॉइंग हाताने करून घेतात. टी-स्क्वेअर, शीट होल्डर, मॉडेलचा पुठ्ठा एवढं सांभाळत विरार फास्टमध्ये शिरणं हेच पुष्कळ आहे.

दुसऱ्या वर्षी विचार कर तेव्हा कॉलेजला विचार की रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स शिकवतात का. ही दोन्ही फक्त विंडोजवर आहेत. ऑटोकॅड, स्केचअप आणि रायनो मॅकवर चालतात, म्हणून सीनिअर मुलींचं निभावलं असेल. मॅक हलका आहे, बॅटरी दिवसभर पुरते, त्या वाटेला तो आदर्श आहे. पण रेंडरिंगला ल्युमियन लागलं तर तेही त्यावर नाही. विंडोजच घ्यायचा ठरला तर कार्डाच्या नावासोबत वॉट विचार. लॅपटॉपातलं आरटीएक्स ४०५० कंपन्या ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही ठेवतात. स्टिकर तोच असतो, रेंडरला लागणारा वेळ मात्र वेगळा. आणि असा लॅपटॉप घेतलास तर तो घरीच ठेव. रोज अडीच किलो घेऊन वसई-चर्चगेट कर असं मी कुणाच्या मुलीला सांगणार नाही.

प्रश्न : दुकानदार विंडोज आणि ऑफिस 'फुकटात टाकून देतो' म्हणतो. — भांडुप

फुकट म्हणजे चोरीचं. त्यातला ॲक्टिव्हेटर चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, यातच काय ते आलं. लॅपटॉपसोबत खरं विंडोज घ्या. ऑफिस परवडत नसेल तर लिब्रेऑफिस वापरा. आणि लॅपटॉपसोबत ऑफिस आलं असेल तर पहिल्याच दिवशी स्वतःच्या खात्यावर चढवा, दुकानातल्या पोराच्या खात्यावर नाही. नंतर विंडोज नव्याने टाकताना ते खातं कुठून आणणार?

प्रश्न : दसऱ्याला लॅपटॉपची पूजा करतो. काही हरकत? — विलेपार्ले

पूजेला हरकत नाही, कीबोर्डवर हळदकुंकू वाहायला आहे. झाकण मिटून त्यावर फूल ठेवा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अडकलेल्या स्पेसबारची रांग लागते माझ्याकडे.

प्रश्न : वर्सोव्याला समुद्राच्या बाजूला राहतो. दर पावसाळ्यात डेस्कटॉप चालू होत नाही, नुसता बीप-बीप करतो. दुरुस्तीवाला बोर्ड बदला म्हणतो. नवाच घेऊ का? — वर्सोवा

थांबा. दमट खाऱ्या हवेने रॅमच्या सोनेरी दातांवर काजळी धरते, बऱ्याचदा बीप तिचाच असतो. स्विच बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेट उघडा आणि त्याच्या पत्र्याला एकदा हात लावा. रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर ढकला आणि स्टिक सरळ वर ओढा. साध्या पांढऱ्या खोडरबरने दात दोन्ही बाजूंनी हलके पुसा, चुरा झटका, स्लॉटमध्ये कोरडा ब्रश फिरवा. बसवताना खाच जुळवून दोन्ही क्लिपा टक्कन लागेपर्यंत दाबा. तरी बीप आला तर दोन स्टिकपैकी एकच लावून चालू करून बघा, मग दुसरी. एकीने चालू झाला तर दुसरी स्टिक गेलीय. दोन्हींनी आळीपाळीने, दोन्ही स्लॉटांत लावूनही बीपच आला, तर मग बोर्डाचं बोलू. तेव्हा त्या बोर्डाचं मॉडेल आणि बीप किती वेळा, लांब की आखूड, एवढं लिहून पाठवा.